किड्यांच्या बाई

शवागारात आयुष्य काढलेल्या माणसाला लोक दोन प्रश्न हमखास विचारतात. तो वास कसा सहन होतो, आणि रात्री झोप लागते का? मराठवाड्यातल्या एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात न्यायवैद्यकशास्त्र शिकवण्यात आणि शवविच्छेदनं करण्यात माझी उभी नोकरी गेली. या प्रश्नांची उत्तरं मी लग्नकार्यांत, रेल्वेच्या डब्यात, सगळीकडे दिली आहेत. हे काम तुम्हाला शिकवलं कोणी, असं मात्र कधी कोणी विचारलं नाही.

गुरुजनांनी शिकवलं, ग्रंथांनी शिकवलं, ते ऋण आहेच. पण माणूस नेमका कधी मेला, या आमच्या कामातल्या सगळ्यांत अवघड प्रश्नाचं उत्तर कुठे शोधायचं हे मला प्राणिशास्त्राच्या एका प्राध्यापिकेनं शिकवलं. आणि ते उत्तर मोरीच्या पाण्याबरोबर वाहून जाऊ दिलं नाही ते आमच्या शवागारातल्या मामांनी. बाईंना अख्खं गाव ‘किड्यांच्या बाई’ म्हणायचं. आपलं नाव कुठे छापून येऊ नये अशी त्यांची इच्छा होती, ती मी पाळतो आहे. मामांच्या घरच्यांनाही ते नको आहे. दोघंही आज हयात नाहीत, आणि त्यांचं देणं माझ्याकडे तसंच राहिलं आहे.

मृत्यूनंतरचे पहिले काही तास डॉक्टरच्या हातात असतात. शरीर थंड पडत जातं, आधी जबडा आणि मग हातपाय ताठरतात, रक्त खालच्या अंगाला उतरून कातडीवर जांभळट डाग धरतात. या तिन्हींवरून वेळेचा अंदाज बांधता येतो. आमच्याकडच्या उन्हाळ्यात हा सगळा हिशेब दीड दिवसात संपतो. पोट फुगतं, कातडी हिरवी-काळी पडते, चेहरा ओळखू येईनासा होतो. मग डॉक्टर अहवालात ‘दोन ते पाच दिवस’ असं काहीतरी लिहितो. तीन दिवसांचा तो फरक कागदावर लहान दिसतो. पण त्या तीन दिवसांत संशयित गावात होता की परगावी होता, यावर एखाद्याची जन्मठेप ठरते.

आमच्या पिढीनं ज्या ग्रंथावर अभ्यास केला, तो जयसिंग मोदींचा. पहिली आवृत्ती १९२०ची. त्यात माशी, अळी, कोष यांच्या वाढीचे दिवस दिलेले होते, पण मोजक्या ओळींत. परीक्षेला त्यावर टीप लिहायची आणि पुढे जायचं. प्रत्यक्ष शवागारातली रीत वेगळीच होती. शेतातून, विहिरीतून, नाल्यातून आलेलं प्रेत टेबलावर घेतलं की आधी पाण्याची नळी सोडायची. अळ्या म्हणजे घाण. ती गेल्याशिवाय जखमा दिसत नाहीत आणि पंचांना उभं राहवत नाही. ही रीत एखाद्या शवागाराची नव्हती. मी जिथे जिथे शिकलो आणि पाहिलं, तिथे तशीच होती.

१९८०च्या दशकाच्या अखेरीस मी अधिव्याख्याता म्हणून रुजू झालो. त्याच पावसाळ्यात एका सकाळी मामा म्हणाले, “साहेब, फाटकावर कालेजातल्या किड्यांच्या बाई बसल्यात. माश्या धरायच्या म्हंत्यात.”

चौकीदारानं त्यांना आत सोडलं नव्हतं. मामांनी आपलं बाकडं बाहेर नेऊन दिलं होतं, त्यावर बाई शांतपणे बसल्या होत्या. पांढरी सुती साडी, खांद्याला शबनम, शबनममध्ये काचेच्या बाटल्या आणि हातात मच्छरदाणीच्या कापडाची जाळी. जनावरांच्या जिवंत जखमेत अंडी घालणारी एक माशी आहे, क्रायसोमाया बेझियाना. बैलाच्या खांद्याला, वासराच्या नाळेला किडे पडतात ते तिचे. बाईंचा अभ्यास तिच्यावर होता. तिच्याच कुळातल्या दुसऱ्या माश्या मेलेल्या मांसावर वाढतात. दोन्हींतला फरक पक्का करायचा तर दोन्हींचे नमुने हवेत. म्हणून मटणमार्केट, उकिरडे, जनावरांचा दवाखाना असं करत करत त्या आमच्या फाटकापर्यंत पोचल्या होत्या.

त्या दिवशी टेबलावर एक बेवारस होता. बाईंनी पदर नाकाला लावला नाही. वाकून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, “डॉक्टर, या अळ्यांचं वय कोणी काढतं का इथे?”

कोणी काढत नव्हतं. माझ्यापेक्षा वयानं आणि अधिकारानं मोठ्या असलेल्या त्या बाईंनी उपदेश केला नाही. मामांना म्हणाल्या, “बाहेरच्या टपरीवरून चहाचं आधण आलेलं पाणी आणता का, दादा?” जिवंत अळी थेट अल्कोहोलमध्ये टाकली की आक्रसते आणि काळी पडते. मग तिची लांबी मोजून उपयोग नसतो. आधी कढत पाण्यात टाकायची, मग अल्कोहोलमध्ये. निम्म्या अशा जपायच्या आणि निम्म्या जिवंत वाढवायच्या, कारण माशीची जात अळीपेक्षा पूर्ण वाढलेल्या माशीवरून खात्रीनं सांगता येते. मामा हे सगळं बघत होते. त्यानंतर आमच्या शवागारात कढत पाण्याचं पातेलं आणि अल्कोहोलची बाटली कायमची आली. ती मामांनी आणली. मी कुठलाही आदेश काढला नव्हता.

पुढची काही वर्षं मी रविवारी बाईंच्या प्रयोगशाळेत जाऊन बसायचो. पहिला धडा अळी नीट धरायचा. लोकांना अळीचं जाड टोक डोकं वाटतं, ते असतं मागचं टोक. तोंड निमुळत्या बाजूला, आणि त्यात एक काळा आकडा, ज्यानं ती मांस खरवडते. जाड टोकाला दोन तपकिरी तबकड्या असतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्या तबकड्यांत फटी दिसतात. अळी तिथून श्वास घेते, म्हणून तोंड मांसात खुपसून तिला अखंड खाता येतं. तबकडीत दोन फटी असल्या तर अळी दुसऱ्या अवस्थेतली, तीन असल्या तर तिसऱ्या. बाई चिमट्यानं एकेक अळी पुढे सरकवायच्या आणि मी “दोन… तीन… तीन…” असं म्हणत जायचो. चुकलं तर त्या काही न बोलता तीच अळी पुन्हा भिंगाखाली ठेवायच्या. न्यायालयात शपथेवर जे सांगायचं ते असं, केसाएवढ्या रेघेवर उभं असतं, हे तिथे अंगवळणी पडलं.

उघड्यावर पडलेल्या देहावर दिवसाउजेडी निळ्या-हिरव्या चकाकत्या माश्या काही मिनिटांत येतात. डोळे, नाकपुड्या, तोंड, जखम, जिथे ओल असेल तिथे अंडी घालतात. मांसमाशी तर अंडी घालतच नाही, थेट जिवंत अळ्या सोडते. अंडी फुटतात, अळी दोनदा कात टाकते. तिसऱ्या अवस्थेत पोट भरलं की देह सोडून कोरड्या आडोशाकडे सरपटत जाते. मातीत किंवा कपड्याच्या घडीत शिरते, तिची कातडी आक्रसून टणक होते, तोच तिचा कोष. काही दिवसांनी कोषाचं एक टोक फोडून माशी बाहेर पडते आणि रिकामं टरफल मागे राहतं. ते वर्षानुवर्षं टिकतं.

या वाढीचा वेग ठरतो तापमानावर. प्रत्येक जातीची एक किमान पातळी असते, त्याखाली वाढ जवळजवळ थांबते. त्या पातळीच्या वर किती अंश आणि किती तास, यांचा गुणाकार करत बेरीज करत जायचं. ठराविक बेरीज भरली की अळी पुढच्या अवस्थेत जाते. समजा पातळी १० अंशांची आहे. २० अंशांत तासाला १० भरतील आणि ३० अंशांत २०. म्हणजे वाढीला निम्मा वेळ. बाई हे फळ्यावर पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवावं तसं मला शिकवायच्या. आणि लगेच अडचणीही सांगायच्या. अळ्यांचा मोठा घोळका जमला की त्याच्या आतली उष्णता बाहेरच्या हवेपेक्षा दहा अंशांनीही जास्त होते, तेव्हा नुसतं हवामान बघून चालत नाही. रात्री माश्या सहसा अंडी घालत नाहीत. मुसळधार पावसात येत नाहीत. क्रायसोमाया रुफिफेसीस नावाच्या माशीची काटेरी अळी दुसऱ्यांच्या अळ्या खाऊन टाकते. देहावर फक्त तीच दिसली तर आधी आलेल्या सगळ्या तिच्या पोटात गेलेल्या असू शकतात. आणि ज्याच्या जिवंतपणीच जखमेत किडे पडले होते, त्या माणसाच्या बाबतीत अळीचं वय मृत्यूच्याही मागे जातं.

देह गुंडाळलेला असेल तर माश्यांना पोचायला उशीर होतो, हेही त्यातलंच. हवाईमध्ये ली गॉफ या कीटकशास्त्रज्ञापुढे पांघरुणांत घट्ट गुंडाळलेला एका स्त्रीचा देह आला, तेव्हा त्यांनी मेलेलं डुक्कर तसंच गुंडाळून माश्यांना आत शिरायला किती वेळ लागतो ते पाहिलं. अडीच दिवस लागले, ते हिशेबात धरले. आमच्याकडे गोधडीत, ताडपत्रीत, खताच्या पोत्यात बांधलेले देह येत. गॉफ यांचा तो प्रयोग वाचल्यावर बाई आणि मी बोललो ते याच गोधडी-पोत्यांबद्दल.

बाईंना आपल्या आधीच्यांचा मोठा आदर होता. तेराव्या शतकातल्या चीनमध्ये सुंग त्स या न्यायाधिकाऱ्यानं १२४७मध्ये लिहिलेल्या ग्रंथात विळ्याची हकीकत आहे. गावातल्या सगळ्यांचे विळे जमिनीवर ठेवायला लावले, पुसून टाकलेल्या एकाच विळ्यावर माश्या जमल्या आणि खुनी सापडला. फ्रान्सिस्को रेदीनं १६६८मध्ये मांसावर कापड बांधून दाखवलं की अळ्या आपोआप होत नाहीत, माशीच्या अंड्यांतून होतात. प्रेतावर कोणते किडे कोणत्या क्रमानं येतात याचं पुस्तक १८९४मध्ये फ्रान्समध्ये लिहिलं जाँ-पियेर मेन्यॅनं, तो लष्करातला जनावरांचा डॉक्टर. गुरांच्या जखमांपासून सुरुवात केलेल्या बाईंना तो विशेष जवळचा वाटायचा.

पण त्यांनी मला नेटानं वाचायला लावलं ते ग्लेस्टर आणि ब्रॅश यांचं १९३७चं पुस्तक, रक्स्टन खटल्यावरचं. आमच्याच ग्रंथालयातल्या जुन्या कपाटात ते निघालं. रक्स्टन मुंबईचा. जन्म १८९९चा, पारशी कुटुंबातला, मूळ नाव बुख्त्यार रुस्तमजी रतनजी हकीम. मुंबई विद्यापीठाची वैद्यकीय पदवी घेऊन विलायतेला गेला, नाव बदलून बक रक्स्टन झाला आणि इंग्लंडमधल्या लँकेस्टर गावी डाल्टन स्क्वेअरवर दवाखाना थाटून बसला. २९ सप्टेंबर १९३५ रोजी स्कॉटलंडमध्ये मॉफट गावाजवळ पुलाखालच्या ओढ्यात गाठोडी सापडली. कापडांत आणि वर्तमानपत्रांत बांधलेले दोन स्त्रियांच्या देहांचे तुकडे. ओळख पटू नये म्हणून चेहरे विद्रूप केलेले, बोटांची टोकं कापलेली. शरीररचना माहीत असलेल्याचाच हात होता तो. एक होती रक्स्टनच्या घरात त्याची पत्नी म्हणून राहणारी इझाबेला, आणि दुसरी त्याच्या मुलांना सांभाळणारी तरुण मुलगी, मेरी रॉजरसन.

ग्लासगोचे जॉन ग्लेस्टर आणि एडिंबराचे जेम्स ब्रॅश यांनी ते तुकडे जुळवले. इझाबेलाचं हयातीतलं छायाचित्र कवटीच्या छायाचित्रावर ठेवून पाहिलं, ते बसलं. गाठोड्यातलं एक वर्तमानपत्र होतं ‘संडे ग्राफिक’, तारीख १५ सप्टेंबर, आणि त्याची ती खास आवृत्ती फक्त लँकेस्टर-मोरकँब भागात विकली गेली होती. आणि ग्लासगो विद्यापीठातल्या डॉ. अलेक्झांडर मर्न्स यांनी देहांवरच्या अळ्या तपासल्या. कॅलिफोरा या निळ्या माशीच्या अळ्या, वय बारा ते चौदा दिवस. चौदा दिवस मागे मोजले की १५ सप्टेंबर येतो. इझाबेला १४ सप्टेंबरला बहिणींना भेटायला ब्लॅकपूलला गेली होती, त्या रात्री घरी परतली आणि पुढे कोणाला दिसली नाही. १२ मे १९३६ रोजी रक्स्टनला मँचेस्टरच्या तुरुंगात फाशी दिली गेली. मर्न्स यांनी तपासलेल्या त्या अळ्या आजही लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये जपून ठेवल्या आहेत.

मी ते पुस्तक रक्स्टनसाठी वाचलं. मुंबईत शिकलेला डॉक्टर, आपल्याच विद्येचा असा उपयोग करतो, हे वाचून सुन्न झालो होतो. बाईंनी ते बोलणं फार वाढू दिलं नाही. “डॉक्टर, मर्न्सकडे बघा,” म्हणाल्या. “ओढ्याच्या काठी कोणीतरी त्या अळ्या गोळा केल्या, म्हणून त्या मर्न्सच्या टेबलावर आल्या. आणि दुसरं. स्कॉटलंडच्या सप्टेंबरात बारा दिवसांनीसुद्धा अळी अळीच असते. आपल्याकडे तेवढ्यात माशी उडून गेलेली असते. त्यांचं कोष्टक आपल्याला चालणार नाही. त्यांची रीत चालेल.” माझ्या सगळ्या शिक्षणात याहून महत्त्वाचं वाक्य मी ऐकलेलं नाही. आमची पाठ्यपुस्तकं भरली होती थंड देशांतल्या निरीक्षणांनी. परभणीच्या मे महिन्यात आणि महाबळेश्वरच्या जुलैत माशी किती दिवसांत वाढते, हे कोणीतरी तिथे बसून मोजायला हवं होतं. बाई आमच्या जिल्ह्यापुरतं ते मोजत होत्या, स्वतःच्या पगारातून काळीज विकत आणून.

एका दसऱ्यानंतर हे सगळं कामाला आलं. शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये, पोत्यांच्या ढिगाआड, एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचा देह सापडला. डोक्याची कवटी फुटलेली, चेहरा गेलेला, बऱ्याच ठिकाणी हाडं उघडी. चार दिवसांपूर्वी आठवडी बाजारात आपण त्याला पाहिलं, असं सांगणारा एक साक्षीदार होता. जमिनीवरून पुतण्याशी वाद होता. पुतण्या पुण्याकडे बांधकामावर कामाला, तो सणासाठी सहा दिवसांपूर्वी गावी आला होता. एवढ्यावर पोलिसांनी पोराला ताब्यात घेतलं होतं. सगळं जुळत होतं.

देह आमच्याकडे आला तेव्हा बरोबरच्या हवालदाराला घाई होती. धोतराच्या घडीत आणि अंगाखालच्या पोत्याच्या शिवणीत तपकिरी दाणे अडकलेले होते, उंदराच्या लेंड्यांसारखे. शेडमध्ये ज्वारी होती, उंदीर असणारच. हवालदार म्हणाला, झटकून टाका आणि नळी सोडा. मामांनी नळी खाली ठेवली. दोन दाणे तळहातावर घेऊन माझ्याकडे आले. “साहेब, बाई टरफलं म्हंत्यात ती हीच का बगा.”

तीच होती. आणि रिकामी होती. प्रत्येकाचं एक टोक फुटलेलं.

बाई दुपारच्या तासाला सुट्टी टाकून आल्या. दाणे भिंगाखाली पाहिले, देहावर उरलेल्या अळ्या घेतल्या, आणि तपास अधिकाऱ्याला म्हणाल्या, “मला ती शेड दाखवा.” तिथे त्यांनी देहाच्या जागेपासून चारी बाजूंना माती चाळून घेतली, प्रत्येक पुडीवर अंतर लिहिलं. मग बाटलीत काळजाचा तुकडा ठेवून त्यावर माश्यांना अंडी घालू दिली, वर कापड बांधलं, खाली लाकडाचा भुसा. बाटली त्याच शेडमध्ये, त्याच पत्र्याखाली ठेवायला लावली आणि शेजारी तापमापक. पोलीस पाटलांचा मुलगा सकाळी, दुपारी आणि रात्री पारा बघून वहीत लिहायचा. त्या नोंदी वेधशाळेच्या त्याच दिवसांच्या नोंदींशी ताडून, आधीच्या पंधरवड्यात शेडमध्ये किती ऊन तापलं असेल ते बाईंनी काढलं. वाढलेल्या माश्या निघाल्या क्रायसोमाया मेगासेफाला, मोठ्या लाल डोळ्यांची हिरवी माशी, आपल्या गावागावांत मासळी-मटणाच्या दुकानांवर दिसते ती. अंड्यापासून माशी बाहेर पडेपर्यंत तिला त्या हवेत नऊ-दहा दिवस लागले.

रिकामं टरफल म्हणजे पूर्ण झालेलं चक्र. म्हणजे देह सापडला त्याच्या निदान नऊ दिवस आधी तो माणूस तिथे मरून पडलेला होता. मग चार दिवसांपूर्वी तो बाजारात दिसणं शक्यच नव्हतं. नऊ दिवसांपूर्वी पुतण्या पुण्याजवळ स्लॅबवर होता, मुकादमाच्या वहीत त्याची हजेरी होती. पोरगा सुटला. तपास दुसरीकडे वळला, दुसऱ्याच माणसावर खटला उभा राहिला, आणि इतर पुराव्यांच्या आधारे त्याला शिक्षा झाली.

त्या खटल्यात माझ्यानंतर बाईंची साक्ष झाली. आरोपीच्या वकिलांनी उलटतपासणीत नेमका प्रश्न विचारला. शेडमध्ये आधी कुत्रं-मांजर काही मेलं असेल, टरफलं त्याची कशावरून नाहीत? बाई म्हणाल्या, “म्हणूनच माती चाळली. देहाजवळ टरफलं दाट आहेत, लांब जावं तशी विरळ होतात, पलीकडच्या कोपऱ्यात एकही नाही. धोतराच्या घडीतली आहेत ती वेगळीच.” वकील म्हणाले, मग मृत्यूची तारीख सांगा. बाई म्हणाल्या, “तारीख मी सांगू शकत नाही. किमान नऊ दिवस, एवढंच सांगते. त्याहून किती जास्त, ते या माश्यांवरून कळत नाही.” सरकारी वकिलांना त्यांनी ठाम तारीख सांगितलेली हवी होती. बाई तसूभर पुढे गेल्या नाहीत. तज्ज्ञाची साक्ष कशी द्यावी हे मी नंतरच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवलं, ते त्या दुपारी पाहिलेलं.

या कामाचे बाईंना पैसे मिळाले नाहीत. पुतण्याला त्या कोण हे कधी कळलं नाही. मामांच्या हातातली नळी खाली गेली नसती तर काय झालं असतं, हेही त्याला ठाऊक नाही. शवविच्छेदनाच्या अहवालावर सही डॉक्टरची असते. नमुना कोणी वेचला, यासाठी त्या छापील अर्जात रकाना नाही. मी तेव्हापासून शेवटच्या परिच्छेदात मामांचं नाव हातानं लिहायला लागलो. निवृत्त होईपर्यंत लिहीत राहिलो.

बाई गेल्या तेव्हा त्यांच्या घरच्यांनी माझ्याकडे वह्यांचा एक गठ्ठा पोचवला. तापमान, तारीख, अळीची लांबी, कोष, माशी. ओळीनं, निळ्या शाईत, वर्षानुवर्षं. उन्हाळा, पावसाळा, थंडी, सगळे ऋतू त्यात आहेत. मी त्या वाचतो तेव्हा अमेरिकेतल्या कर्स्टिन लोबॅटोचा खटला डोळ्यांपुढे येतो. २००१च्या जुलैत लास वेगासमध्ये एक माणूस रात्री मरून पडलेला सापडला. पोलिसांचं म्हणणं, खून त्या दिवशी पहाटे झाला. अठरा वर्षांच्या मुलीला दोषी धरलं गेलं, आणि ती तर दिवसभर तिथून शंभराहून अधिक मैलांवर आपल्या गावी होती. देहावर माशीचं एकही अंडं नव्हतं. जुलैच्या उन्हात, उघड्यावर, दिवसभर पडलेल्या देहावर अंडी नाहीत, हे होऊच शकत नाही, म्हणजे तो माणूस अंधार पडण्याच्या सुमारास किंवा त्यानंतर मेला, असं कीटकशास्त्रज्ञांनी सांगितलं. २०१७च्या डिसेंबरात तिची शिक्षा रद्द झाली. तोवर तिच्या तरुणपणाची कितीतरी वर्षं तुरुंगात गेली होती. बाईंना ही हकीकत सांगायची राहिली, याची मला हळहळ आहे.

आज न्यायवैद्यक कीटकशास्त्र शिकवणारे लोक आपल्या देशात आहेत, शोधनिबंध निघतात. तरी तालुक्याच्या शवागारात नळी अजूनही आधी सुटते. म्हणून हे लिहितो आहे. तुम्ही पोलिसांत असाल तर पंचनाम्यात देहाखालची माती, कपड्याच्या घड्या आणि अळ्या यांची नोंद करा आणि घटनास्थळी पुढचे काही दिवस तापमापक ठेवा. डॉक्टर असाल तर धुण्याआधी निम्म्या अळ्या कढत पाण्यातून अल्कोहोलमध्ये आणि निम्म्या जिवंत, असं पाठवा, आणि नमुना वेचणाऱ्याचं नाव लिहा. आणि तुम्ही प्राणिशास्त्र शिकत असाल तर आपल्या जिल्ह्यातल्या माश्यांची वाढ आपल्या हवेत मोजायला घ्या. बाईंच्या वह्या माझ्याकडे आहेत. ज्याला हे काम पुढे न्यायचं असेल त्यानं यावं आणि त्या घेऊन जाव्यात.